बासवाला म्होरक्या: काचाओंच्या उत्तरायुष्यातल्या बँडचं प्रकरण

पार्श्वभूमी

क्यूबाचे डबल बासवादक इस्राएल लोपेस ऊर्फ काचाओ यांचा जन्म १४ सप्टेंबर १९१८ रोजी हवानात झाला. घरात डबल बास वाजवणाऱ्यांची रांगच होती. मोठा भाऊ ओरेस्तेस बास, चेलो आणि पियानो वाजवायचा, बहीण कोरालियाही बासवर, आणि पुढे पुतण्या ओर्लांदो ‘काचाईतो’ही त्याच वाद्याकडे गेला. लहानपणी काचाओंनी मूकपटांना साथ केली. तिथे पियानोवर होता बोला दे निएवे, जो नंतर क्यूबाचा नामांकित गायक-पियानोवादक झाला. बाराव्या-तेराव्या वर्षी ते हवाना फिलहार्मोनिकमध्ये लागले आणि सुमारे तीस वर्षं तिथे टिकले. एरिश क्लायबरसारख्या कंडक्टरच्या हाताखाली गजाने सिम्फनी वाजवायच्या आणि रात्री नाचाच्या दिवाणखान्यात बोटांनी दान्सोन, म्हणजे क्यूबाचं जोडीने नाचायचं जुनं संगीत, असा दुहेरी संसार होता. हा गज पुढे महत्त्वाचा ठरतो.

रात्रीचं काम होतं आन्तोनिओ आर्कान्योच्या ‘मारावियास’ या चारांगा ताफ्यात. बासरी, व्हायोलिनं, पियानो, बास, टिंबालेस (काठ्यांनी वाजवायची धातूच्या अंगाची ढोल-जोडी), गुइरो (खाचा घासून वाजवायचा भोपळा) आणि नंतर आर्कान्योने घातलेला कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल). १९३८ मध्ये ओरेस्तेसच्या ‘मांबो’ या दान्सोनचा शेवटचा भाग दोघा भावांनी मोकळा सोडला. तिथे व्हायोलिनं एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा घोळवतात आणि वर बासरी मनाला येईल तशी फिरते. जगाने ‘मांबो’ ऐकला तो दहाएक वर्षांनी, पेरेस प्रादोच्या मोठ्या ब्रास बँडकडून. श्रेय कुणाचं यावर क्यूबन संगीतात आजही वाद घातला जातो. मुंबईच्या वाचकाला हा प्रकार नवा नाही. चिक चॉकलेट आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या वादक-अरेंजरांनी सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत लॅटिन ठेके आणले, नाव मात्र पोस्टरवर संगीतकाराचं.

१९५७ मध्ये पानार्ट कंपनीसाठी काचाओंनी एक लाँगप्ले केला. हवानातले उत्तम वादक क्लबमधलं काम संपवून पहाटे स्टुडिओत जमले: कोंगावर ताता गुइनेस, टिंबालेसवर गियेर्मो बार्रेतो, बासरीवर रिचर्ड एग्वेस, ट्रंपेटवर ‘एल नेग्रो’ विवार, त्रेसवर, म्हणजे तारांच्या तीन जोड्यांच्या क्यूबन गिटारवर, निन्यो रिवेरा. बहुतेक तुकडे तीन मिनिटांच्या आसपास संपतात. या मोकळ्या वादनाला ‘देस्कार्गा’ म्हणतात. लॅटिन जॅझमधल्या बहुतेक जॅम-रेकॉर्डचं मूळ शोधत गेलं की याच तबकडीशी येऊन थांबावं लागतं.

१९६२ मध्ये काचाओंनी क्यूबा सोडला. आधी स्पेन, मग न्यूयॉर्क. तिथे तितो रॉद्रिगेस, तितो पुएन्ते, माचितो अशा ताफ्यांत कामं मिळाली. नंतर लास वेगासच्या शोंमध्ये वाजवलं आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मायामी गाठलं.

अडचण

१९८० च्या दशकात मायामीत या माणसाच्या हाताला काम होतं ते लग्नांत, बारशांत आणि हॉटेलांत. वादक म्हणून त्यांची गरज सगळ्यांना होती, पण त्यांच्या नावाचा बँड चालत नव्हता. ‘दुर्लक्षित प्रतिभा’ म्हणून हात झटकले की अडचण कुठे होती ते कळत नाही. ती तीन ठिकाणी होती.

एक, बाजार गायकाचा. साल्साच्या रेकॉर्डच्या कव्हरवर गायक असतो, फार तर ट्रंबोन किंवा पियानो वाजवणारा बँडलीडर. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तर हळुवार प्रेमगीतांच्या साल्साची चलती होती, आणि तिथे मोकळ्या वादनाला जागाच उरली नव्हती.

दुसरी गोष्ट आवाजाची. डबल बास हे पोकळ लाकडी वाद्य. त्याची सर्वांत जाडी तार साधारण ४१ हर्ट्झवर बोलते. समोर दोन-तीन ट्रंपेट, शेजारी टिंबालेस आणि मोठा हॉल, अशा ठिकाणी बासचा आवाज वाढवला की वाद्य स्वतःच घुमायला लागतं. म्हणूनच १९६२ मध्ये आलेला अँपेगचा ‘बेबी बास’ साल्सावाल्यांनी उचलला. प्लास्टिकचं सडपातळ अंग, उभा धरायचा, तारांची लांबी डबल बासइतकीच, आवाज बोथट आणि लगेच विरणारा. ठेका स्पष्ट कळतो आणि घूं-घूं होत नाही. पण गज फिरवला की त्यात लाकडाचा श्वास येत नाही. काचाओंची ओळख निम्मी गजात आणि लाकडावर मारलेल्या थापांत होती.

तिसरी अडचण या वाद्याच्या कामातच आहे. क्यूबन बासचा मूळ ठेका म्हणजे ‘तुंबाओ’. चार मात्रांच्या बारमध्ये पहिल्या मात्रेवर बास गप्प असतो. एक ठोका दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या बरोबर मध्ये पडतो, दुसरा चौथ्या मात्रेवर. चौथ्या मात्रेवरचा सूर पुढच्या बारच्या कॉर्डचा असतो. म्हणजे ‘सी’ कॉर्डवरून ‘जी’ कॉर्डवर जायचं असेल, तर पियानोने ‘जी’ वाजवण्याआधी एक मात्रा बास तिथे पोचलेला असतो. तबल्यावर सगळे जण समेवर येऊन भेटतात. इथे पाया सांभाळणारा माणूस समेच्या आधी येतो आणि सम रिकामी सोडतो. त्या रिकामेपणामुळेच नाचणारा पुढे खेचला जातो. आता असा वादक सोलो घ्यायला बाजूला झाला की खालचा आधार निघून जातो. ट्रंपेटवाला लीडर सोलो संपवून हाताने इशारे देऊ शकतो. बासवाल्याचे दोन्ही हात कायम गुंतलेले असतात.

१९७७ चा पहिला प्रयत्न

हे प्रकरण १९९२ मधल्या मायामीच्या मैफलीपासून सांगायची पद्धत आहे, पण ती अपुरी आहे. १९७७ मध्ये न्यूयॉर्कचे रेकॉर्ड-संग्राहक आणि निर्माते रेने लोपेस यांनी काचाओंचे दोन लाँगप्ले साल्सोल कंपनीकडून काढले. वादक तयारीचे होते आणि संगीत जुन्या देस्कार्गाच्या तोडीचं होतं. जाणकारांनी ते उचललं, आणि न्यूयॉर्कच्या तरुण बासवाल्यांनी त्यातले तुंबाओ सूर न् सूर उतरवून घेतले. पण त्यातून कायमचा बँड उभा राहिला नाही.

आमच्या मते कारणं सांगीतिक नव्हती. कंपनीचा मुख्य धंदा डिस्कोचा, त्यामुळे लॅटिन तबकडी दुकानात पोचवल्यावर तिच्यामागे दौरा लावायला कुणी नव्हतं. आणि बँडलीडर स्वतः न्यूयॉर्क सोडून गेला होता, तर वादक न्यूयॉर्कमध्येच राहिले. रेकॉर्ड स्टुडिओत होते, पण बँड दर आठवड्याला एकत्र वाजवण्यातून तयार होतो. १९७७ मध्ये पहिलं जमलं, दुसरं नाही.

१९९२ मधले पर्याय

हवानात जन्मलेला आणि मायामीत वाढलेला अभिनेता अँडी गार्सिया मदतीला आला तेव्हा काचाओ ७४ वर्षांचे होते. त्या वयात आणि त्या बाजारात त्यांच्यापुढे चार रस्ते दिसतात.

पहिला म्हणजे चालू फॅशनची गायकप्रधान साल्सा. विकली गेली असती, पण त्यात काचाओ हे केवळ नाव उरलं असतं.

दुसरा, मानवंदना अल्बम: पाहुणे गायक एकेक गाणं म्हणणार आणि उस्ताद मागे बास धरणार. म्हाताऱ्या कलावंतांच्या बाबतीत सर्वांत जास्त होतं ते हेच. खर्च वसूल होतो, पण कलावंत फोटोपुरता उरतो.

तिसरा, १९५७ ची हुबेहूब नक्कल: तेवढेच वादक, तेवढेच छोटे तुकडे. याचा मोह जाणकारांना होतो. पण ते वादक आता कुणी हवानात, कुणी दिवंगत. आणि त्या रेकॉर्डची जादू पहाटेच्या थकव्यात आणि रोजच्या ओळखीत होती. ती भाड्याने मिळत नाही.

चौथा रस्ता सर्वांत खर्चिक: काचाओंच्या कारकिर्दीतले सगळे प्रकार एका छताखाली आणायचे. चारांगाचे दान्सोन, ट्रंपेटांचा सोन, रुंबा, ग्वाहिरा आणि देस्कार्गा. त्यासाठी व्हायोलिनंही हवीत आणि ब्रासही, म्हणजे दोन बँडांची माणसं. हाच निवडला गेला.

प्रत्यक्ष काम

क्रम असा होता: आधी मैफल, मग चित्रफीत, मग रेकॉर्ड. १९९२ मध्ये मायामीत मोठी मैफल झाली. तिच्यावर गार्सियाने दिग्दर्शित केलेला माहितीपट १९९३ मध्ये आला. त्याच वर्षी ग्लोरिया एस्तेफानच्या ‘मी तिएर्रा’ या जुन्या क्यूबन बाजाच्या, जगभर खपलेल्या अल्बममध्ये काचाओंचा बास होता. काचाओंच्या स्वतःच्या ‘मास्टर सेशन्स’ या अल्बमचा पहिला खंड १९९४ मध्ये आला, दुसरा १९९५ मध्ये.

हा क्रम शहाणपणाचा होता. मैफलीच्या तालमींत ताफा वाजवून तयार झाला, आणि कॅमेऱ्यामुळे पैसे लावणाऱ्यांना दाखवायला काहीतरी हाती आलं. रेकॉर्डिंगला बसले तेव्हा सॅक्सोफोनवादक पाकिटो द’रिवेरा, ट्रंपेटर ‘चोकोलाते’ आर्मेंतेरोस, बासरीवादक नेस्तोर तोरेस, टिंबालेसचा ओरेस्तेस विलातो, त्रेसवाला नेल्सन गोन्सालेस असे लोक एका खोलीत होते.

अशा ताफ्यात देस्कार्गा चालवायची कशी, ते थोडं उलगडून सांगायला हवं, कारण बाहेरून ती ‘काहीही वाजवा’ अशी वाटते. कागदावर फार थोडं असतं: सूर, कॉर्डचं दोन किंवा चार बारचं आवर्तन, क्लावेची दिशा, ‘कोरो’ची, म्हणजे गायकांनी मिळून म्हणायची, एक ओळ आणि एक-दोन ‘ब्रेक’, म्हणजे सगळ्यांनी एकदम थांबायच्या जागा. क्लावे म्हणजे दोन बारमध्ये मिळून पाच ठोके. तीनाच्या बाजूला पहिली मात्रा, दुसरीचा उत्तरार्ध आणि चौथी. दोनाच्या बाजूला दुसरी आणि तिसरी. तीनाच्या बाजूचे शेवटचे दोन ठोके आणि तुंबाओचे दोन ठोके एकाच जागी पडतात. म्हणून बास पक्का असेल तर क्लावेच्या लाकडी काठ्या कुणी वाजवल्या नाहीत तरी ठेका हरवत नाही.

वादक एकेक करून शिरतात. आधी बास एकटा. तुंबाओ दोन-चार वेळा फिरला की कोंगा, मग पियानोचा ‘ग्वाहेओ’, म्हणजे दोन्ही हातांनी सप्तकांत फोडलेली तीच कॉर्ड-साखळी. त्यावर गुइरो आणि टिंबालेस, मग कोरो, शेवटी ब्रास. ब्रासच्या ओळी आधी लिहिलेल्या नसतात. ट्रंबोनवाला एक छोटी ओळ सुचवतो, ती दोनदा फिरली की ट्रंपेट त्याच्यावर दुसरी बसवतात. भाग बदलायचा झाला की टिंबालेसवाला ‘आबानिको’ मारतो, म्हणजे काठीची झरझर फिरणारी रोल आणि शेवटी कडक ठोका. तो इशारा त्याला कुणी द्यायचा? बासवाला देतो, पण हाताने नव्हे. तुंबाओ सोडून पुढच्या भागाची ओळ धरली, गज उचलला किंवा लाकडावर थाप मारली की टिंबालेसला कळतं. त्यामुळे बासच्या सरळ नजरेत टिंबालेस आणि पियानो असलेच पाहिजेत. मायक्रोफोनच्या सोयीसाठी तालवाद्यांना काचेच्या खोलीत वेगळं कोंडलं की ही साखळी तुटते. सोलो संपतो आणि पुढे काय ते कुणालाच कळत नाही. पाहुण्या वादकांसोबतच्या देस्कार्गा निर्जीव निघतात त्या बहुधा याच कारणाने.

दुसरी घसरगुंडी क्लावेची. जॅझमधून आलेला पाहुणा सोलोत तीन बारचं वाक्य वाजवतो आणि पियानोवाला त्याच्या मागे जातो. चौथ्या बारला अर्धा बँड तीनाच्या बाजूला, अर्धा दोनाच्या. अशा वेळी बास कधीच सरकायचा नाही, बाकीच्यांनी परत यायचं. ‘मास्टर सेशन्स’मधल्या लांब देस्कार्गांमध्ये सोलोवाले बरेच धाडस करतात, पण खालचा ठेका हलत नाही. म्होरक्या बासवर असल्याचा हाच फायदा.

आणि बासचा स्वतःचा सोलो? तो येतो तेव्हा पियानोचा डावा हात आणि कोंगा जमीन धरतात, ब्रास पूर्ण गप्प. काचाओ तिथे गज काढतात, खालच्या सुरांवर एक ओळ घासत राहतात आणि मधूनच वाद्याच्या अंगावर हाताने ताल धरतात. सिम्फनीतला गज आणि बोंगोवाल्याची थाप. हे ऐकू यावं म्हणून खरा लाकडी बास हवा, बेबी बास चालत नाही. स्टुडिओत ते सोपं. मोठ्या मंचावर माइक आणि पिकअप दोन्ही लावावे लागतात, ३५-४० हर्ट्झखालचं सगळं कापावं लागतं आणि बासवाल्यामागचा मॉनिटर शक्य तितका लहान ठेवावा लागतो.

दान्सोनला यातलं काहीच लागू नाही. ते लिहिलेलं संगीत आहे. सुरुवातीचा ‘पासेओ’ परत परत येतो, त्या वेळी नाचणारे थांबून गप्पा मारतात. मध्ये बासरीचा भाग, व्हायोलिनांचा भाग आणि शेवटी ‘मोंतुनो’, म्हणजे एकाच आवर्तनावर मोकळं वाजवायचा भाग. तालमी खऱ्या इथे लागतात, कारण आजचा व्हायोलिनवादक ही ओळ फार गोड वाजवतो. ती कोरडी आणि ठोक्याला चिकटून यायला हवी. ‘मास्टर सेशन्स’मध्ये दान्सोन थोडे जास्तच चकचकीत झाले आहेत, असं आमचं मत. आर्कान्योच्या काळातल्या मुद्रणांतला खरखरीतपणा तिथे नाही.

दुसरा निर्णय: माणसं कमी करणं

२००० मध्ये फर्नान्दो त्रुएबाच्या ‘कायये ५४’ या चित्रपटात काचाओ आणि पियानोवादक बेबो वाल्देस दोघेच वाजवताना दिसतात. काचाओ ८१ वर्षांचे, बेबोही त्यांच्याच वयाचे. पुढे पातातो वाल्देसचा कोंगा जोडून बेबोच्या त्रिकुटाचा ‘एल आर्ते देल साबोर’ २००१ मध्ये आला. पियानो, बास, कोंगा. टिंबालेस नाही, आणि पाकिटोसारखा पाहुणा तेवढ्यापुरताच येऊन जातो.

या टप्प्याचं महत्त्व पुरेसं ओळखलं गेलेलं नाही. मोठ्या ताफ्यात बासच्या वाट्याला मिनिटभराचा सोलो येतो, बाकी वेळ तो खालीच राहतो. त्रिकुटात दर बारला त्याची निवड ऐकू येते: कुठे चौथ्या मात्रेचा सूर लांबवला, कुठे एक ठोका गाळला. वाढत्या वयाला हे झेपणारंही होतं. मोठ्या मंचावर दोन तास उभं राहून जाड तारा ओढण्यापेक्षा त्रिकूट बोटांनाही परवडतं. नावाला बँड बेबोचा, पण काचाओंच्या वाजवण्याचा अभ्यास करायचा असेल तर आम्ही आधी हाच अल्बम हाती देऊ.

परिणाम

‘मास्टर सेशन्स’च्या पहिल्या खंडाला १९९५ मध्ये ट्रॉपिकल लॅटिन विभागात ग्रॅमी मिळालं, आणि त्याच वर्षी अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप. २००० मध्ये ‘कुबा लिंदा’ हा अल्बम आला, २००४ मध्ये ‘आओरा सी’, आणि त्याला २००५ चं ग्रॅमी. २००३ मध्ये हॉलिवूडच्या फूटपाथवर नावाचा तारा बसला. २२ मार्च २००८ रोजी कोरल गेबल्स इथे ८९ व्या वर्षी निधन झालं. अखेरपर्यंत ते वाजवत होते.

पुरस्कारांपेक्षा मोठा परिणाम म्हणजे मांबोच्या उगमाची चर्चा आता लोपेस भावांना वगळून करता येत नाही. १९९२ पूर्वी ती सर्रास केली जायची.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली आणि सर्वांत महाग चूक १९७७ ची. दोन चांगल्या तबकड्यांनंतर न्यूयॉर्कच्या एखाद्या क्लबमध्ये आठवड्याची एक रात्र कायम ठेवली असती, तर सात-आठ जणांचा ताफा पुरला असता: बास, पियानो, कोंगा, टिंबालेस, त्रेस, ट्रंपेट, बासरी आणि एक गायक. ५९ ते ७४ ही पंधरा वर्षं म्हणजे बासवाल्याच्या हातात ताकद आणि डोक्यात अनुभव दोन्ही असण्याचा काळ, आणि तोच लग्नाच्या मांडवात गेला.

१९९२ नंतरच्या व्यवस्थेलाही एक उणेपणा चिकटला. सगळं काम प्रकल्पाच्या रूपात झालं. पैसा, चित्रीकरण आणि प्रसिद्धी यांचा भार निर्मात्याने उचलला, त्यामुळे काचाओंना धंद्याची उठाठेव करावी लागली नाही. पण निर्माता मुळात अभिनेता, त्याच्या तारखा चित्रपटांच्या. १९९५ चा दुसरा खंड आणि २००० चा ‘कुबा लिंदा’ यांच्यात त्यांच्या नावाचा मोठा अल्बम नाही. ७७ ते ८१ हे वय पाहता ही फट परवडणारी नव्हती. दर वर्षी स्टुडिओत दोन दिवस, सहा वादक आणि कागदावर चार ओळी, एवढ्यावरही त्यांच्याकडून काही मिळालं असतं. १९५७ मध्ये तेवढ्यावरच मिळालं होतं.

आणि दान्सोन. दोघा भावांनी आर्कान्योसाठी रचलेल्या दान्सोनांचा आकडा हजारांत सांगितला जातो. उत्तरकाळातल्या अल्बमांवर त्यातले मोजकेच आले, आणि त्यातही आधीच प्रसिद्ध असलेले. सिम्फनीत मुरलेला, स्वतःची रचना स्वतः समजावून देऊ शकणारा माणूस समोर असताना एक छोटा चारांगा, चार व्हायोलिनं, एक बासरी आणि स्वरलिपी उतरवून घेणारा एखादा अरेंजर बसवून ते एकेक काढायला हवे होते. विक्री थोडी झाली असती, इतकंच.

पुन्हा कुणी बासवाला म्होरक्या म्हणून ताफा उभा करत असेल, तर मंचाची आखणी मायक्रोफोन लागण्याआधी ठरवावी: बासच्या डाव्या हाताला पियानो, समोर तिरके टिंबालेस, मध्ये कोंगा, आणि ब्रास मागे नव्हे तर बाजूला. साउंड इंजिनियर कुरकुर करतो. त्याला तालमीला बोलवावं, म्हणजे आबानिको कुठून येतो ते त्यालाही दिसतं.